मृग लागायच्या आधी आबांच्या गोळ्यांची तयारी

कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जून उजाडला की सगळ्यांचं लक्ष पंचगंगेकडे लागतं. आमच्या घरात त्याच्या जोडीला आबांच्या गोळ्यांचा डबा उघडला जातो. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात. डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, घरात आम्ही नुसतं एएफ म्हणतो. ठोके ताळ्यावर ठेवायला एमिओडारोन आणि मेटोप्रोलोल, आणि हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी असेनोकुमारोलची गोळी. इतकी वर्षं हे सांभाळताना एक गोष्ट पक्की कळली आहे. साध्या दिवशी काही चुकत नाही, कारण हात सवयीनं डब्याकडे जातो. चुकतं ते घडी मोडलेल्या दिवशी. ताप, जुलाब, उपवास, यात्रा, पूर. म्हणून तयारी करायची ती त्या दिवसांची.

सगळ्यात आधी साठा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरची वाट कित्येक दिवस बंद राहिली. आम्ही घर सोडून राजारामपुरीत नणंदेकडे गेलो तेव्हा पिशवीत आबांच्या तीनच दिवसांच्या गोळ्या होत्या. दोन दुकानांत रक्त पातळ करायची गोळी मिळाली नाही, तिसऱ्या दुकानात अर्धी पट्टी मिळाली. ती भीती मी अजून विसरलेले नाही. मेटोप्रोलोल एकाएकी बंद केली की ठोके उसळतात, छातीत दुखूही शकतं. रक्त पातळ करणारी गोळी थांबली की पक्षाघाताचा धोका पुन्हा वाढतो. तेव्हापासून आमचा नियम असा, की मे महिन्यातच डॉक्टरांकडून ताजी चिठ्ठी घ्यायची आणि नेहमीच्या महिन्यावर पंधरा दिवसांच्या जास्त गोळ्या आणायच्या. जुन्या पट्ट्या पुढे, नव्या मागे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं म्हणजे इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. आम्ही ४३ ची वाट बघत नाही. ३९ ऐकलं की डबा उघडून गोळ्या मोजायच्या आणि डबा दाराजवळच्या पिशवीत टाकायचा.

डबा घट्ट झाकणाचा हवा आणि तो मोरीजवळ किंवा गॅसच्या कट्ट्यावर ठेवायचा नाही. पावसाळ्यात आमच्या घरात मीठसुद्धा पाझरतं. ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल आहेत त्यांनी तर त्या आठवड्याच्या खणांच्या डबीत काढूच नयेत. त्यांना ओल लागते, घ्यायच्या वेळीच मूळ वेष्टनातून काढायच्या आणि अख्ख्या गिळायच्या. मेटोप्रोलोलची सावकाश विरघळणारी गोळीही कुटून किंवा चावून द्यायची नाही.

मग कागद. एका पानावर प्रत्येक गोळीचं औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी आणि कशासाठी. नुसतं कंपनीचं नाव लिहून भागत नाही, कारण टंचाईत दुकानदार दुसऱ्या कंपनीची पट्टी देतो, रंग बदलतो, आणि आबा ती वेगळी गोळी समजून दोन्ही घेतात. हे आमच्या घरात एकदा झालेलं आहे. त्याच पानावर डॉक्टरांना विचारून लिहून घ्या, की गोळी विसरली तर काय. आठवण लवकर झाली तर घ्यायची, पुढची वेळ जवळ आली असेल तर ती सोडायची, आणि दोन एकदम कधीच घ्यायच्या नाहीत, हा साधारण नियम. पण नक्की किती तासांपर्यंत चालतं हे प्रत्येक गोळीचं वेगळं असतं. एक प्रत आबांच्या खिशात, एक फ्रिजवर, एक माझ्या मोबाइलमध्ये.

माझ्या मते खरा धोका त्या पानावर नसलेल्या औषधांचा असतो. घसा धरला की कुणीतरी अझिथ्रोमायसिन सुचवतं. पित्ताच्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा डोम्पेरिडोन मिसळलेलं असतं. दोन्ही औषधं ईसीजीतला क्यूटी नावाचा काळ, म्हणजे ठोका पडून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबवतात. एमिओडारोन आणि ठोक्यांसाठीचंच सोटॅलॉलही तेच करतात, आणि यांच्या जोडीला अशी वरची औषधं आली की जीवघेणी लय सुरू होऊ शकते. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या ठोके वाढवतात. गुडघ्यासाठी घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर, पोटात रक्तस्राव करू शकते. त्यामुळे दुकानात पायरीवरूनच पहिलं वाक्य, 'दादा, यांना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, हा कागद बघा.'

घरगुती उपायांचंही तसंच. पावसाळ्यात आमच्या सासूबाई ज्येष्ठमध घालून काढा करायच्या. रोज भरपूर ज्येष्ठमध पोटात गेला तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम उतरलं की बिघडलेले ठोके आणखी बिघडतात. आता काढ्यात आलं, तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध नाही. अर्जुनसाल कुणी प्रेमानं आणून देतं. ती आधी डॉक्टरांना दाखवायची. पपनस मात्र आबांसाठी बंदच आहे, कारण त्या जातीची फळं काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, पण असेनोकुमारोल किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी त्या रोज साधारण सारख्याच खाव्यात. आठवडाभर काही नाही आणि मग एकदम मेथी-पालकाचा मारा, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, खालीवर होतो.

जुलाब-उलट्या हा पावसाळ्यातला नेहमीचा पाहुणा. त्यात पाण्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही जातं. ठोके आवरणारं डिगॉक्सिन घेणाऱ्यांना यात जास्त जपावं लागतं, कारण त्या औषधाचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत फार कमी अंतर असतं. मळमळ, भूक मरणं, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणं ही ते अंगात जास्त झाल्याची लक्षणं आहेत, आणि जुलाबातली मळमळ समजून ती सोडून दिली जातात. लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी लवकर उतरतं. दिवसात तीन-चारदा पोट बिघडलं की संध्याकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. गोळी स्वतःहून बंदही करायची नाही आणि वाढवायचीही नाही. ओआरएसची पाकिटं डब्यातच असू द्या.

आषाढी एकादशीला आबांना कोल्हापूरजवळच्या नंदवाळला विठ्ठलाच्या दर्शनाला जायचंच असतं. आम्ही अडवत नाही. पण उपवासाच्या दिवशी गोळ्यांच्या वेळा तशाच राहतात, पाणी भरपूर, आणि रक्त पातळ करणारी रिव्हारोक्साबॅनची २० मिलिग्रॅमची गोळी असणाऱ्यांनी ती खाण्याबरोबरच घ्यायची असते, म्हणून फराळाची वेळ ठरवून घ्यावी. एमिओडारोनमुळे ऊन लवकर भाजतं, तेव्हा ढग असले तरी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी.

नाडी मोजायला घरातल्या दोघांना तरी यायला हवी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं तर ठोके वेडेवाकडे असताना आकडा फसवतो. आकडा किती खाली किंवा वर गेला की कळवायचं, हे डॉक्टरांच्या तोंडून घेऊन कागदावर लिहा.

तपासण्या पावसाआधी उरकून घ्याव्यात. एमिओडारोनमध्ये आयोडीन असतं आणि ते औषध थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांवर परिणाम करू शकतं, म्हणून थायरॉइडची टीएसएच आणि यकृताची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी. कोरडा खोकला किंवा दम नव्यानं लागला तर तो हवेचा म्हणून सोडायचा नाही. हे औषध बंद केल्यानंतरही आठवडे-महिने शरीरात राहतं, तेव्हा 'पूर्वी घेत होतो' हेही कागदावर हवं. आयएनआर, ईसीजी, मूत्रपिंडासाठीचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांच्या तपासणीच्या तारखाही तिथेच.

शेवटी फ्रिजवरच्या कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरात: चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, काळी शी. यातलं काहीही दिसलं तर १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला साधारण साडेचार तासच असतात, म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लगेच लिहून ठेवायची. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जायचा कोरडा रस्ता कुठला, हे पाणी चढायच्या आत ठरवायचं. यंदा ते काम माझ्या थोरल्या मुलाकडे आहे. रविवारी तो गाडी घेऊन दोन्ही वाटा बघून येणार आहे.