फर्मवेअर अर्ध्यात अडकलेला नॅस: आधी डिस्क काढून घ्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून अण्णांचा फोन आला. "ताई, डब्याला अपडेट टाकलं आणि मधेच लाईट गेली. आता नुसता नारिंगी दिवा लुकलुकतोय."

डबा म्हणजे दोन डिस्कचा जुना नॅस, नेटवर्कवरून सगळ्यांना फायली देणारी साठवणपेटी. त्यात ११ वर्षांची जकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं. अण्णांच्या वडिलांच्या काळी डिझाइन ग्राफच्या कागदावर निघायचं आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचे. कार्ड फाटलं तर ग्राफ हाताशी असायचा. आता सगळं फायलींत, आणि फायली या एकाच डब्यात. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच संपली होती.

मी पहिल्यांदा विचारलं, "डिस्क काढून कुठं लावली का?"

"भाच्यानं लावली त्याच्या कॉम्प्युटरला. फॉरमॅट करायचं का म्हणून विचारत होता. मी नको म्हटलं."

त्या "नको"मुळेच पुढचं सगळं जमलं. या डब्यांच्या आत विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि डिस्कवरची मांडणी विंडोजला ओळखता येत नाही. म्हणून ते "फॉरमॅट करा", "इनिशियलाइझ करा" असं सुचवतं. डिस्क चांगली असते, तरीही. अर्धवट उठलेला डबासुद्धा कधी कधी हेच विचारतो. दोन्ही वेळी उत्तर नाहीच.

फर्मवेअर (डबा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) आणि तुमचा डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनाशी पक्कं धरा. बऱ्याच जुन्या डब्यांत फर्मवेअर मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतं. काहींत ते डिस्कच्याच पहिल्या छोट्या भागात असतं, पण डेटाचा भाग तिथंही वेगळाच असतो. म्हणजे डबा मेला तरी डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. तो घालवतो आपण, घाईत.

तर आधी डबा बंद करा. डिस्क काढताना मार्करनं १ आणि २ लिहा. मग दुसऱ्या कामाला लागण्याआधी अ‍ॅडाप्टर तपासा, कारण इथं मी स्वतः एकदा दोन दिवस घालवले आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. अ‍ॅडाप्टरमधले कपॅसिटर उष्णतेनं सुकतात. साधारण दर १० अंशांमागे त्यांचं आयुष्य निम्मं होतं. मग काही जोडलेलं नसताना मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण डिस्क फिरायला लागली की व्होल्टेज पडतं आणि डबा पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. लक्षण हुबेहूब बिघडलेल्या फर्मवेअरचं. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अ‍ॅडाप्टर लावून बघा.

अण्णांचा अ‍ॅडाप्टर ठीक होता. मग मी डिस्कची नक्कल काढायला घेतली. डिस्क रेड १ पद्धतीनं जोडलेल्या असतील तर दोन्हींवर तोच माल असतो, एकीची नक्कल पुरते. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करा आणि डीडीरेस्क्यू या नक्कल काढायच्या प्रोग्रॅमनं मूळ डिस्क तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या डिस्कवर उतरवा. त्याला मॅपफाइल (कुठवर उतरलं याची नोंद) जरूर द्या आणि ती वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे मधे लाईट गेली तरी जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी, हे सीरियल नंबर वाचून दोनदा ताडा. २ टीबीला पाच-सहा तास लागतात.

पुढचं काम नकलेवरच करायचं. एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड जोडायच्या साधनानं रेड फक्त-वाचण्याच्या पद्धतीत जोडा, डेटाचा भागही तसाच माउंट करा, म्हणजे फायली दिसतील असा उघडा. काही एआरएम प्रोसेसरच्या डब्यांनी ६४ केबीचे ब्लॉक वापरलेले असतात. ते साध्या पीसीवर बहुधा माउंट होत नाहीत आणि माणूस समजतो की डेटा गेला. गेलेला नसतो, फ्यूज-ईएक्सटी२ सारख्या साधनानं तो वाचता येतो. फायली दोन ठिकाणी उतरवल्या, अण्णांना त्यांची डिझाइनं उघडून दाखवली, आणि मगच डब्याला हात लावला.

डबा उठवायचा सोपा रस्ता रीसेटच्या भोकातून जातो. बऱ्याच डब्यांत रीसेट दाबून धरून पॉवर दिली की रिकव्हरी सुरू होते. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅनची केबल थेट डब्याला जोडा, लॅपटॉपला कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला आयपी पत्ता हातानं द्या. फर्मवेअरची फाइल बहुधा टीएफटीपी या साध्या पद्धतीनं जाते; ते यूडीपीच्या ६९ नंबरच्या पोर्टवर चालतं आणि विंडोजचं फायरवॉल ते अडवतं, हे लक्षात ठेवा. फाइल अगदी त्याच मॉडेलची हवी, आणि तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवून घ्या.

आमचा डबा यालाही बधला नाही. मग झाकण उघडलं. बोर्डवर बहुधा सीरियल जोडणीची चार पिनांची रांग असते: ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) आणि ३.३ व्होल्ट. ग्राउंड ओळखायला मीटर बीपवर ठेवून लॅन पोर्टच्या धातूच्या कवचाशी जुळवा. सुरू होताना ज्या पिनेवर व्होल्टेज हलतं ती टीएक्स. या पिना कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल ३.३ व्होल्टवर ठेवा. ५ व्होल्टनं चिप जळू शकते. टीएक्स समोरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. व्होल्टेजची पिन मोकळीच सोडा. सीरियलचा वेग (बॉड) बहुतेक ठिकाणी १,१५,२००.

पॉवर दिली आणि स्क्रीनवर अक्षरं धावायला लागली की जीव भांड्यात पडतो. यू-बूट, म्हणजे डबा सुरू करणारा पहिला छोटा प्रोग्रॅम, जिवंत आहे. मोजणी संपायच्या आत एखादं बटण दाबा. सगळ्यात आधी प्रिंटएन्व्ह ही सेटिंग दाखवणारी आज्ञा द्या आणि जे येईल ते सगळं जपून ठेवा; फ्लॅशमध्ये कुठला भाग कुठं आहे ते बहुधा त्यातच सापडतं. मग कर्नल (लिनक्सचा गाभा) टीएफटीपीनं रॅममध्ये आणून तिथूनच चालवून बघा. यात फ्लॅशवर काहीच लिहिलं जात नाही. ते नीट उठलं तरच कर्नल आणि रूटचा भाग लिहा. यू-बूटच्या भागाला हात लावू नका. तोच गेला असेल, तर मार्व्हेलच्या बऱ्याच किर्कवुड चिपवर केडब्ल्यूबूट या प्रोग्रॅमनं त्याच सीरियल वायरीतून नवा यू-बूट पाठवता येतो. फार हळू जातं, पण जातं.

डबा उठल्यावर पहिली डिस्क भंगारातली लावायची. ती नीट दिसली, रात्रभर टिकली, की मग नक्कल. अण्णांच्या मूळ दोन्ही डिस्क मी परत लावल्याच नाहीत. कापडात गुंडाळून, नंबर आणि तारीख लिहून त्यांच्या कपाटात ठेवल्या. डब्यात दोन नव्या डिस्क आहेत, यूपीएसला नवी बॅटरी आहे, आणि दर शनिवारी भाचा सगळ्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवून ती घरी नेतो.