पोटॅश वाहणारी पिकअप हिवाळ्यात धुताना या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात हिवाळ्यात केळीबागांना खते पोहोचवणाऱ्या पिकअप रोज फेऱ्या मारतात आणि फाटक्या गोणीतून सांडलेले पोटॅश हौद्यात तसेच राहते. हे पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, खाण्याच्या मिठाचेच भावंड. त्यातला क्लोराइड रंगाच्या बारीक चिरेतून पत्र्यापर्यंत पोहोचला की गंज धरायला वेळ लागत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हौद्यात थेट पाइप सोडणे. पाण्यात विरघळलेले खत वाहून जाण्याऐवजी पत्र्याच्या जोडांत आणि फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेच्या) बिजागरीत मुरते, म्हणून आधी कोरड्या खराट्याने कोपऱ्यांतील दाणे झाडून काढावेत आणि मगच भरपूर पाण्याने धुवावे. माझ्या गाडीचा फाळका वरून चकचकीत होता. बिजागरीजवळ स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवले, तर रंगाखालचा पत्रा पापडासारखा मोडला.

थंडीत हवा कोरडी असते, धुणे आठवड्याने केले तरी चालेल, हा समजही महागात पडतो. ३० अंश तापमानाला निव्वळ पोटॅश साधारण ८४ टक्के आर्द्रतेनंतर हवेतील पाणी ओढते, पण त्यात युरिया मिसळला की हीच मर्यादा ६० टक्क्यांच्या आसपास उतरते. दोन्ही खतांचे दाणे एकाच हौद्यात सांडलेले असतील, तर पहाटेच्या दमट हवेत तेथे खारा ओलावा तयार होतोच, म्हणून गोण्या उतरवल्या त्याच दिवशी हौदा झाडावा.

चेसिस, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि चाकांच्या कमानी यांकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. काळ्या मातीचा थर ओलावा आणि क्षार दोन्ही धरून ठेवतो व हौद्याची पाणी निचऱ्याची छिद्रे बुजवतो, तेव्हा ती तारेने मोकळी करावीत. प्रेशरचा झोत बेअरिंग आणि वायरच्या जोडांवर जवळून मारू नये. खाली जळके ऑइल फासण्याचा उपाय तर टाळावाच, कारण ते रबरी बुश खराब करते आणि न धुतलेला क्षार आत कोंडते.

संध्याकाळी धुऊन गाडी लगेच ताडपत्रीखाली लावू नये. सकाळी दहा-अकराला धुऊन फाळका उघडा ठेवून उन्हात पूर्ण वाळवावी. दुसऱ्या दिवशी पहाटे छपराखालच्या गाडीत बाकी पत्रा कोरडा असून एखादा जोड मात्र ओलसर दिसला, तर तेथे खत शिल्लक आहे. तेवढा भाग पुन्हा धुवावा.