मेगा २५६०: एकदा फॉरमॅट केलेली ओळ तीन सिरियल पोर्टांवर

आर्डुइनो मेगा २५६० बोर्डावर चार हार्डवेअर सिरियल पोर्ट आहेत. ते एकाच वेळी वापरणारं स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) उघडलं तर बहुतेकदा एकच दृश्य दिसतं: ‘सिरियल.प्रिंट’च्या सात-आठ ओळी, खाली त्याच ओळी ‘सिरियल१’साठी, त्याखाली पुन्हा ‘सिरियल२’साठी. एक दशांश स्थळ वाढवायचं तर तीन ठिकाणी हात घालायचा, आणि तिसरं ठिकाण हमखास राहून जातं. ओळ एकदाच तयार करावी आणि तयार ओळ हव्या त्या पोर्टांना वाटावी, हा त्यावरचा साधा उपाय. तो लिहायला अर्धा तास पुरतो. खरी गोम आहे ती हळू पोर्ट जलद पोर्टाला अडवून धरतो तिथे.

उदाहरण म्हणून ही मांडणी घेऊ. पोर्ट ० यूएसबीवरून संगणकाला, वेग सेकंदाला ११५२०० बिट. पोर्ट १ सिरियल डिस्प्लेला, ९६००. पोर्ट २ मेमरी कार्डावर लिहिणाऱ्या लॉगरला, ३८४००. पोर्ट ३ आरएस-४८५ साठी (लांब वायरीवरून पाठवण्याची एक पद्धत) राखून ठेवू.

जोडणी

पाठवायच्या पिना अशा: पोर्ट १ ची १८, पोर्ट २ ची १६, पोर्ट ३ ची १४. ऐकायच्या अनुक्रमे १९, १७ आणि १५. पिन ० आणि १ यूएसबीच्या चिपलाही जोडलेल्या असतात, म्हणून तिथे दुसरं काही लावू नका. प्रोग्राम चढवताना अडथळा येतो. प्रत्येक उपकरणाचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेला हवा. तो सुटला की कधी बरोबर, कधी कचरा असा खेळ सुरू होतो आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

मेगा ५ व्होल्टचा आहे. लॉगर ३.३ व्होल्टचा असेल तर मेगाच्या पाठवायच्या पिनेपासून १ किलोओहम, तिथून ग्राउंडला २ किलोओहम, आणि मधल्या सांध्यावरून लॉगरला वायर, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात. उलट दिशेला काही लावावं लागत नाही: ५ व्होल्टवर मेगाच्या चिपला ‘एक’ म्हणून ३ व्होल्ट पुरतात. फरक थोडाच आहे, म्हणून वायर आखूड ठेवा.

वेग निवडताना एक हिशेब लक्षात असू द्या. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमधून ११५२०० नेमका निघत नाही. प्रत्यक्षात ११७६४७ मिळतो, म्हणजे २.१ टक्के जास्त. यूएसबीवर हे खपून जातं, कारण मूळ बोर्डावरची यूएसबी चिपही १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि तिचीही चूक तितकीच, त्याच बाजूला. पण समोरचं उपकरण दोन टक्के हळू असेल तर अक्षरं बिघडतात. ९६०० आणि ३८४०० वर चूक ०.२ टक्के, २५०००० वर शून्य. लॉगरसाठी ३८४०० घेतलाय तो त्यामुळेच.

ओळ तयार करणारं फंक्शन

ईएसपी३२ वर ‘सिरियल.प्रिंटएफ’ तयार मिळतं. मेगाच्या कोअरमध्ये (बोर्डासोबत येणाऱ्या मूळ कोडमध्ये) ते नाही. तिथून उचललेला कोड इथे कंपाइलच होत नाही. मात्र एव्हीआर-लिबसीमध्ये (मेगाच्या एव्हीआर चिपसाठीच्या सी लायब्ररीत) ‘व्हीएसएनप्रिंटएफ’ आहे आणि त्याचं ‘_पी’ शेपटीचं भावंडही आहे, जे फॉरमॅट थेट फ्लॅशमधून (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीतून) वाचतं. ‘_पी’वालंच वापरा. एव्हीआरवर कोडमधली प्रत्येक साधी स्ट्रिंग सुरुवातीलाच रॅममध्ये कॉपी होते आणि रॅम एकूण ८ किलोबाइट आहे. ‘पीएसटीआर’ मॅक्रोत गुंडाळलेली स्ट्रिंग फ्लॅशमध्येच राहते.

फंक्शनला दोन गोष्टी द्यायच्या: कुठे पाठवायचं ते सांगणारा एक बाइट, ज्यात प्रत्येक पोर्टाला एक बिट, आणि फॉरमॅट. त्यामागे हवी तितकी मूल्यं. ‘ओळ’ हा ९६ बाइटांचा अॅरे स्टॅटिक ठेवा, म्हणजे कंपाइल झाल्यावर दिसणाऱ्या रॅमच्या आकड्यात तो मोजला जातो.

नोंद(कुठे, फॉरमॅट, ...)
— लांबी = व्हीएसएनप्रिंटएफ_पी(ओळ, ९४, फॉरमॅट, मूल्यं)
— लांबी ० पेक्षा कमी असेल तर परत जा
— लांबी ९३ पेक्षा जास्त असेल तर लांबी = ९३
— ओळ[लांबी] = १३; ओळ[लांबी + १] = १०; लांबी = लांबी + २
— प्रत्येक पोर्टासाठी:
—— ‘कुठे’मधला त्याचा बिट ० असेल तर पुढच्या पोर्टाकडे
—— त्याच्या बफरात (पाठवायची अक्षरं थांबतात त्या जागेत) लांबीइतकी जागा असेल तर राइट(ओळ, लांबी)
—— नसेल तर गळलेल्या[पोर्ट] एकने वाढव

तिसरी पायरी गाळू नका. ‘व्हीएसएनप्रिंटएफ_पी’ परत देतं ती लांबी ‘ओळ’मध्ये बसलेल्या अक्षरांची नसते. जागा पुरली असती तर किती अक्षरं झाली असती, तो आकडा असतो. ओळ १२० अक्षरांची झाली तर अक्षरं ९३ च लिहिली जातात, पण उत्तर १२० येतं. तोच आकडा ‘राइट’ला दिला की ‘ओळ’पलीकडची रॅम पोर्टावर सांडते. ९६ च्या ऐवजी ९४ दिलेत तेही मुद्दाम: ओळ कापली गेली तरी शेवटच्या दोन खुणांना (१३ आणि १०) जागा उरते, नाहीतर पुढची ओळ हिला चिकटते आणि लॉगमधल्या दोन्ही नोंदी वाया जातात. ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही पाठवले की संगणकावरचे प्रोग्राम आणि बहुतेक लॉगर खूश असतात. जीएसएम मॉडेमला आज्ञा द्यायची असेल तर फक्त १३ हवा. त्यासाठी वेगळं फंक्शन ठेवा, याच्यात आणखी एक अट घुसवू नका.

पोर्टांचा अॅरे ‘हार्डवेअरसिरियल’च्या पॉइंटरांचा करा: ‘सिरियल’, ‘सिरियल१’, ‘सिरियल२’ यांचे पत्ते. ‘प्रिंट’ क्लासपासून नवा क्लास काढून त्यातून प्रत्येक अक्षर तिन्ही पोर्टांना देण्याची युक्तीही बऱ्याच ठिकाणी दिसते. दिसायला ती सुबक आहे, पण त्या क्लासला ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कळत नाही. जागा संपली की त्याला एकतर थांबावं लागतं किंवा अर्धी ओळ गाळावी लागते. गाळायची तर अख्खी ओळ गाळा. अर्धवट ओळीतला आकडा खोटा असतो आणि खरा वाटतो.

हळू पोर्ट आणि ६३ चा अडथळा

एका अक्षराला वायरीवर १० बिट लागतात, म्हणून ९६०० वर एक अक्षर जायला १.०४ मिलिसेकंद लागतात, ११५२०० वर सुमारे ८७ मायक्रोसेकंद. प्रत्येक पोर्टाला पाठवण्यासाठी ६४ बाइटांचा बफर असतो. तो भरला की ‘राइट’ जागा होईपर्यंत तिथेच थांबतं. डिस्प्लेला लागोपाठ ६० अक्षरांच्या दोन ओळी दिल्या तर दुसरीच्या वेळी जवळपास ६० मिलिसेकंद सगळा लूप अडकतो: सेन्सर वाचणं, बटण तपासणं, यूएसबीची ओळ, सगळं. म्हणून ‘अव्हेलेबलफॉरराइट’ विचारून मगच लिहायचं.

इथेच नेहमीचा फटका बसतो. बफर ६४ चा असला तरी पूर्ण रिकामा असताना हे फंक्शन ६३ सांगतं, कारण एक जागा रिकामी-भरलेला ओळखायला राखलेली असते. तुमची ओळ शेवटच्या दोन खुणा धरून ६४ बाइटांची झाली की ‘जागा आहे का’ याचं उत्तर कायमच ‘नाही’. छोट्या ओळी जातात, मोठ्या कधीच जात नाहीत. जीपीएसची ओळ ८२ अक्षरांपर्यंत असू शकते, म्हणजे हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही.

उपाय बफर वाढवण्याचा. ‘सिरियल_टीएक्स_बफर_साइज’ची व्याख्या २५६ करा. ती स्केचच्या माथ्यावर लिहून उपयोग नाही. कोअरच्या फाइली वेगळ्या कंपाइल होतात, त्यांना ती दिसत नाही. प्लॅटफॉर्मआयओमध्ये ती बिल्ड फ्लॅगमध्ये, आणि आर्डुइनो आयडीईमध्ये ‘प्लॅटफॉर्म.लोकल.टीएक्सटी’ फाइलमधल्या जास्तीच्या सी++ फ्लॅगमध्ये द्यावी लागते. तीन पोर्टांचे मिळून ७६८ बाइट जातात, मेगाला ते झेपतं. २५६ च्या वर गेलात तर बफरातली जागा मोजणारा आकडा दोन बाइटांचा होतो. गरज नसेल तर जाऊ नका.

पण बफर म्हणजे वेग नव्हे. ९६०० वर सेकंदाला ९६० बाइट जातात. ५० बाइटांची ओळ सेकंदाला दहा वेळा पाठवली तर ५०० बाइट, आरामात. वीस वेळा पाठवली तर १०००, आणि मग कितीही मोठा बफर भरणारच. डिस्प्लेला इतक्या वेळा पाठवून वाचणार तरी कोण? त्याला सेकंदाला दोनदा पुरे.

लॉगरचं गणित निराळं. तिथली ओळ गळणं परवडत नसेल तर त्या पोर्टापुरती जागेची अट काढा आणि ‘राइट’ला थांबू द्या; बफर पुरेसा मोठा असेल तर थांबण्याची वेळ क्वचित येते. गळलेल्या ओळींचा आकडा मात्र दर मिनिटाला यूएसबीवर छापत जा. तो शून्याच्या वर सरकू लागला की कुठला पोर्ट तुंबतोय हे लगेच कळतं.

फॉरमॅटमधले सापळे

मेगावर ‘इंट’ १६ बिटांचा आहे. ‘मिलिस’चं उत्तर ३२ बिटांचं, त्याला ‘%एलयू’ हवं. तिथे ‘%यू’ लिहिलं तर फंक्शन चारपैकी खालचे दोनच बाइट उचलतं आणि उरलेले दोन पुढच्या मूल्याच्या वाट्याला जातात. गंमत अशी की पहिली ६५ सेकंदं वेळेचा रकाना अगदी बरोबर दिसतो आणि शेजारचा रकाना शून्य दाखवतो, म्हणून संशय सेन्सरवर जातो. फंक्शनच्या घोषणेला ‘फॉरमॅट(प्रिंटएफ, २, ३)’ हे अॅट्रिब्यूट लावून आयडीईमध्ये सगळ्या सूचना चालू केल्या तर कंपाइलर अशी चूक दाखवतो, मात्र फॉरमॅट साधी स्ट्रिंग असेल तरच. ‘पीएसटीआर’च्या आत त्याला दिसत नाही. तेव्हा आधी साध्या स्ट्रिंगने आणि ‘_पी’ नसलेल्या फंक्शनने तपासून घ्या, मग दोन्ही बदला.

दशांश संख्येसाठी ‘%एफ’ लिहिलं की आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह छापलं जातं. जागा वाचवण्यासाठी तो भाग वगळलेला असतो. लिंकरला ‘प्रिंटएफ_एफएलटी’ लायब्ररी जोडायला सांगता येतं, पण सोपा मार्ग ‘डीटीओएसटीआरएफ’: मूल्य, किमान रुंदी, दशांश स्थळं आणि बफर द्या, आलेली स्ट्रिंग ‘%एस’ने छापा. कुणी दशांश अंशांत पूर्णांक ठेवून भागाकार-बाकी करून छापतात. तेही चालतं, पण उणे ०.५ अंशाचा भागाकार ० येतो आणि उण्याची खूण हरवते. ती वेगळी छापा. ‘स्ट्रिंग’ क्लासची वस्तू ‘%एस’ला थेट देऊ नका, तिच्यावर ‘सी_एसटीआर’ बोलवा.

मराठी मजकूर पाठवायचा असेल तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचं असतं. ‘तापमान’ म्हणजे काना धरून सहा चिन्हं, १८ बाइट. ‘%-२०एस’ बाइट मोजतं, त्यामुळे मराठी शीर्षकांचे रकाने सरळ येत नाहीत. तिथे स्वल्पविराम किंवा टॅब वापरा. ओळ ९३ वर कापली गेली तर शेवटचं चिन्ह मधूनच तुटू शकतं. कापल्यानंतर शेवटच्या टोकाकडून, वरचे दोन बिट १० असलेले बाइट आणि त्यांच्या आधीचा एक बाइट काढून टाकला की उरतं ते शुद्ध असतं. १६ गुणिले २ च्या साध्या एलसीडीला देवनागरी येतच नाही, त्याला इंग्रजीच पाठवा.

इंटरप्टमधून (मुख्य लूप मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमधून) ‘नोंद’ बोलवू नका. ‘ओळ’ बफर एकच आहे. मुख्य लूप त्यात लिहीत असताना मध्येच दुसरी ओळ येऊन बसते. इंटरप्टमध्ये एक खूण उभी करा, छपाई लूपमध्ये.

आरएस-४८५ आणि चाचणी

पोर्ट ३ वर मॅक्स४८५ (आरएस-४८५ ची चिप) लावला असेल तर ‘राइट’ परत आलं म्हणजे अक्षरं वायरीवर गेली असं नाही, ती बफरात गेली. लगेच डीई पिन (त्या चिपचं पाठवणं चालू-बंद करणारी) खाली केली तर ओळीचं शेपूट कापलं जातं. डीई वर, ‘राइट’, मग ‘फ्लश’, मग डीई खाली. ‘फ्लश’ शेवटचा बिट बाहेर पडेपर्यंत थांबतं, म्हणून हा पोर्ट वाटपाच्या यादीत न ठेवता वेगळा हाताळा.

चाचणीसाठी डिस्प्ले आणि लॉगर काढा. पिन १८ वरून १७ ला आणि १६ वरून १९ ला वायर टाका, आणि दोन्ही पोर्ट एकाच वेगावर आणा. प्रत्येक ओळीत चढता क्रमांक घाला, आलेल्या ओळींचे क्रमांक तपासा आणि तुटलेल्या क्रमांकांची बेरीज ‘गळलेल्या’ अॅरेशी जुळते का पाहा. जुळत नसेल तर ऐकणाऱ्या बाजूचा ६४ बाइटांचा बफर तुंबतोय. लूपमध्ये तो अधिक वेळा रिकामा करा. आणि संगणकावर सिरियल मॉनिटर उघडताक्षणी क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले तर घाबरू नका: पोर्ट उघडला की बोर्ड रीसेट होतो. चालू नोंदणीत ते नको असेल तर रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटकडे. नवीन प्रोग्राम चढवण्याआधी मात्र तो काढावा लागतो.