जुन्या सीझियम घड्याळाचा हाय व्होल्टेज सप्लाय कसा दुरुस्त करावा

सीझियम अणुघड्याळ लॉक होत नाही (त्याची वारंवारता सीझियमशी जुळून स्थिरावत नाही) आणि त्याच्या निर्वात सीझियम ट्यूबमधला वायू काढणाऱ्या आयन पंपाचं व्होल्टेज उतरलेलं दिसतं, म्हणून लगेच सप्लाय उघडायला घेऊ नका. बऱ्याचदा सप्लाय ठणठणीत असतो आणि दोष त्याच्या लोडमध्ये, म्हणजे पंपात किंवा कनेक्टरमध्ये, असतो. म्हणून आधी दोष नक्की कुठे आहे ते ठरवा आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवा.

सीझियम-१३३ च्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर सेकंदाची व्याख्या १९६७ साली ठरली. एचपी (ह्यूलेट-पॅकार्ड) कंपनीच्या ५०६१ए सारखी घड्याळं त्याच काळातली. अणुघड्याळ म्हटलं की किरणोत्सर्गाची भीती वाटते, पण सीझियम-१३३ किरणोत्सर्गी नाही. जपायचं ते ट्यूबला जाणाऱ्या दोन वायरींपासून. आयन पंपाला सुमारे ३५०० व्होल्ट लागतात, तर इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरला (ट्यूबमधला क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) मॉडेलप्रमाणे उणे एक ते अडीच हजार व्होल्ट.

पहिली पायरी: डिस्चार्जची काठी बनवा. १ वॉटचे १०० किलोओहमचे दहा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून प्लास्टिकच्या नळीत घाला. एका टोकाला टोकदार प्रोब लावा, दुसरं टोक वायरीने चॅसिसला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) जोडा. मेन्सची पिन काढा, काठी टेकवा, दहा सेकंद धरा, मग त्या बिंदूपासून चॅसिसपर्यंत शॉर्टिंग वायर लावून ठेवा. ही वायर विसरू नका, कारण रिकामा केलेला जुना कपॅसिटर काही मिनिटांत स्वतःहून थोडा पुन्हा भरतो. चालू यंत्रात हात घालावा लागलाच तर एकच हात वापरा, आणि शेजारी माणूस असू द्या.

दुसरी पायरी: मोजमाप. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही. तो जेमतेम १००० व्होल्टचा असतो आणि त्याचा १० मेगाओहमचा भार हा सप्लाय खाली ओढतो. १ गिगाओहमचा, हजारास एक प्रमाणाचा हाय व्होल्टेज प्रोब घ्या. तोही ३५०० व्होल्टवर साडेतीन मायक्रोअँपिअर ओढतो, म्हणजे जवळपास चांगल्या पंपाइतकाच. तेवढं गृहीत धरूनच आकडा वाचा.

तिसरी पायरी: ट्यूबची वायर काढून तिच्या जागी १०० मेगाओहमचे, २ किलोव्होल्टचे तीन रेझिस्टर ओळीने लावा. हा झाला डमी लोड. ३५०० व्होल्टला साधारण १२ मायक्रोअँपिअर वाहतील. व्होल्टेज इथे टिकलं तर सप्लाय चांगला, दोष पंपात किंवा कनेक्टरमध्ये. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या ट्यूबमध्ये वायू साठतो. त्यामुळे सुरुवातीला पंप जास्त करंट घेतो आणि सप्लायची करंट मर्यादा व्होल्टेज खाली आणते. अशा वेळी ट्यूबमधला सीझियम तापवणारा ओव्हन बंद ठेवून नुसता पंप काही तास, लागलंच तर दोन-तीन दिवस चालवा. करंट हळूहळू उतरतो.

डमी लोडवरही व्होल्टेज उतरलं, तर आता सप्लाय उघडा. सोलापुरात यंत्रमागाच्या वस्तीत घड्याळ राहिलं असेल तर आत सुताचं बारीक तूस सापडेल. हाय व्होल्टेज हे तूस ओढून घेतं, आणि पावसाळ्यात ते ओलावलं की बोर्डावरून गळती सुरू होते. आधी मऊ ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, कोमट हवेने तासभर वाळवा आणि पुन्हा मोजा. पुष्कळ दुरुस्त्या इथेच संपतात.

नाहीतर अंधारात पाहा. निळसर-जांभळी झाक, चरचर, ओझोनचा वास जिथे असेल तिथे कोरोना, म्हणजे हवेत होणारी विजेची गळती, आहे. पॉटिंगला (भागांवर ओतलेल्या इन्सुलेटिंग लेपाला) तडा गेला असेल तर तो भाग काढून व्होल्टेज मल्टिप्लायरची, म्हणजे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या डायोड-कपॅसिटरची, शिडी नव्याने बांधलेली बरी. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं शिखर ६०० व्होल्ट असेल तर तीन टप्प्यांना, म्हणजे सहा डायोड आणि सहा कपॅसिटरना, ३६०० व्होल्ट मिळतात. प्रत्येक डायोडवर त्या शिखराच्या दुप्पट, १२०० व्होल्ट ताण येतो. म्हणून १एन४००७ नको: तो १००० व्होल्टचा आहे आणि सप्लायमधल्या ऑसिलेटरच्या वेगाला संथही. ३ किलोव्होल्टचे फास्ट रिकव्हरी डायोड आणि १ नॅनोफॅरडचे, ३ किलोव्होल्टचे सिरॅमिक कपॅसिटर लावा.

सोल्डरचा प्रत्येक सांधा मण्यासारखा गोल करा, कारण टोकातूनच कोरोना सुटतो. बोर्डावर १० मिमी अंतर सोडा. घरगुती ११०० व्होल्टची वायर वापरू नका, ५ किलोव्होल्टची सिलिकॉन वायर घ्या. पॉटिंगला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावलं की तांबं गंजतं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे असा वास न येणारं सिलिकॉन, घ्या.

व्होल्टेज जास्त किंवा कमी पण स्थिर असेल तर फीडबॅक दुभाजकातल्या (आउटपुटचा छोटा हिस्सा नियंत्रणाकडे परत पाठवणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीतल्या) शेकडो मेगाओहमच्या रेझिस्टरचं मूल्य बहुधा सरकलेलं असतं. तो एक पाय सोडवून तपासा.

चालू करण्याआधी मेन्स सिलेक्टर २३० वर आहे ना, ते पाहा. व्हेरिअकने (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मेन्स शून्यापासून चढवा. डमी लोडवर आठ तास चालवून मग ट्यूब जोडा. सोलापूरच्या मे महिन्यात, खोलीत चाळीस अंशांवर, हीच चाचणी पुन्हा घ्या. उष्णतेत गळती वाढते. इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरचं व्होल्टेज सिग्नल पुरेसा येईल इतकंच ठेवा, कारण ते जितकं जास्त तितकी ट्यूब लवकर थकते. घड्याळ बंद ठेवायचं असलं तरी दर दोन-तीन महिन्यांनी पंप चालवून त्याचा करंट वहीत नोंदवा.