माघ पौर्णिमा ते होळी: जिरायती रानातील वन्यजीवांसाठी करावयाची तयारी

दौंड, बारामती आणि इंदापूर या पट्ट्यातील जिरायती रानात माघ पौर्णिमेपासून होळीपर्यंतचा महिना मोठ्या अदलाबदलीचा असतो. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी होऊन कडब्याच्या पेंढ्या उभ्या राहतात, थंडीपुरते आलेले भोवत्या (शिकारी पक्षी), धोबी आणि भोरड्या हे पक्षी परतीच्या वाटेला लागतात, आणि त्याच सुमारास तांबट, पिंगळा (लहान घुबड) व टिटवी हे पक्षी आणि खोकड (माळावरचा छोटा कोल्हा) यांच्या विणीची लगबग सुरू होते. शेतकरीही याच महिन्यात रान साफ करायला घेतो, आणि ती साफसफाई नेमकी या सर्वांच्या मुळावर येते. सुप्याजवळचे मयुरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे. तेवढ्यात चिंकाऱ्याचा किंवा लांडग्याचा संसार भागत नाही, म्हणून ही जनावरे गायरानात, पडीकात आणि आपल्या बांधांवर वावरतात. त्यामुळे या यादीतील निम्मी कामे न करण्याची आहेत, आणि ती आधी लिहिलेली बरी.

बांध पेटवू नये. जळाल्यावर नवे गवत जोमाने फुटते आणि उंदरांना थारा राहत नाही, असे दोन्ही युक्तिवाद दरवर्षी ऐकू येतात. परंतु त्या वाळल्या पवन्या-कुसळीच्या गवतात तित्तर रात्र काढतो, ससा दिवसभर दबून बसतो, सरडे-सापसुरळ्या राहतात आणि पुढच्या पावसाचे बीही तिथेच पडलेले असते. सगळे बांध राखणे जमणारे नसेल, तर ओघळीच्या कडेचा आणि पडीकाला लागून असलेला असे दोन बांध तरी होळीपूर्वी निश्चित करून घरातील सर्वांना सांगून ठेवावेत. बाभळी-बोरीची छाटणी झाली असल्यास काट्यांचा एक ढीग न जाळता कोपऱ्यात रचून ठेवावा. मुंगूस आणि सातभाई त्याचा ताबा आठवड्याभरात घेतात. उंदरांसाठी विष वापरू नये, कारण विष खाऊन सुस्तावलेला उंदीर सर्वांत आधी घुबडाच्या किंवा मांजराच्या हाती लागतो.

पाण्याची सोय उन्हाळ्याची वाट न पाहता आत्ताच करावी, म्हणजे उन्हे तापेपर्यंत जागा प्राण्यांच्या ओळखीची होते. झाडाला टांगलेली भांडी फोटोत छान दिसतात. प्रत्यक्षात जमिनीत कडेपर्यंत पुरलेली, तिरप्या काठाची, मध्ये एक-दोन दगड ठेवलेली उथळ सिमेंटची थाळी अधिक उपयोगाची ठरते, कारण तिच्यावर चिमणीपासून खोकडापर्यंत सर्वांना येता येते. ती झुडपापासून दहा-बारा फूट दूर असावी, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही, आणि एक दिवसाआड घासून भरावी.

याहून महत्त्वाचे काम शेततळ्याचे आहे. २०१६ मधील ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर गावोगाव तळी झाली, आणि त्यांतील पुष्कळशी प्लॅस्टिकच्या कागदाने मढवलेली आहेत. पाणी खाली गेले की हा गुळगुळीत उतार जनावराला चढता येत नाही. आमच्याच तळ्यात एका सकाळी ससा तरंगताना दिसला. कागदावर पाण्याच्या पातळीपासून हातभर वरपर्यंत त्याच्या नखांचे बारीक ओरखडे चारही बाजूंना उमटलेले होते, म्हणजे रात्रभर तो काठाकाठाने फिरत राहिला असावा. त्या दिवशी काथ्याचे दोन जाड दोर, फुटाफुटावर गाठी मारून आणि मध्ये जुने टायर बांधून, समोरासमोरच्या उतारांवर सोडले. हा खर्च किरकोळ आहे, पण दोराचे वरचे टोक खुंटीला पक्के बांधलेले आणि खालचे टोक तळाशी पोहोचलेले असल्याची खात्री दर महिन्याला करावी लागते. तळ्याच्या कुंपणाला खालून पडलेली भगदाडेही याच फेरीत बुजवावीत. विहिरीला कठडा नसेल तर निदान काटेरी फांद्यांचे कडे करावे. प्राणी पडलाच, तर स्वतः दोर सोडून उतरण्याऐवजी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

खाद्याबाबत फार उत्साह दाखवू नये. शाळूच्या दोन ओळी कडेला उभ्या सोडाव्यात आणि चार कणसे पडवीच्या आढ्याला चिमण्यांसाठी टांगावीत, एवढे पुरे आहे. खोकडाला किंवा मोराला शिळी भाकरी टाकण्याची सवय त्यांना घराकडे आणि पर्यायाने कुत्र्यांच्या तोंडी आणते.

वाळलेली झाडे मात्र होळीच्या आत मोजून घ्यावीत. होळीसाठी लाकूड शोधणाऱ्या मुलांचे लक्ष प्रथम पोकळ, वठलेल्या खोडाकडे जाते, आणि पिंगळा अंडी घालतो तो अशाच ढोलीत. तांबटही वाळल्या फांदीलाच भोक पाडतो. मुलांना झाड नुसते ‘तोडू नका’ असे सांगण्यापेक्षा संध्याकाळी ढोलीच्या तोंडाशी बसलेला पिंगळा एकदा दाखवावा, आणि त्यांना गोवऱ्या व तुरीच्या काट्या आपणहून द्याव्यात.

बागायत असून ऊसतोड शिल्लक असल्यास टोळीच्या मुकादमाशी आधी बोलून ठेवावे. फडात पिले सापडली, मग ती बिबट्याची असोत वा रानमांजराची, तर त्यांना हात न लावता त्या बाजूची तोड थांबवावी, माणसे मागे घ्यावीत आणि वनविभागाला कळवावे. पिले उचलून फोटो काढण्याचा मोह सर्वांत घातक आहे, कारण आई जवळपासच असते.

निरीक्षणाची तयारी साधी आहे: ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, मळकट रंगाचे कपडे, वही आणि पेन्सिल. सकाळी सात ते नऊ या वेळात सूर्य पाठीशी घेऊन एका जागी बसावे. चालत राहिल्यास फक्त उडून जाणारे पक्षी दिसतात. पांगारा किंवा पळस फुललेला असेल, तर त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बसावे. भोरड्यांचा थवा फुलांवर उतरतो, मध पिताना कपाळावर पराग माखून घेतो, आणि शिक्रा हा शिकारी पक्षी दिसताच एका झटक्यात झाड मोकळे करतो. संध्याकाळी माळाच्या कडेने जमिनीलगत तरंगत येणाऱ्या भोवत्या मुक्कामासाठी गवतात उतरतात. त्यांच्याकडे दुरूनच पाहावे. रात्रीच्या पाहुण्यांसाठी पाणवठ्याजवळ हातभर रुंदीचा फुफाटा फळीने सपाट करून ठेवावा आणि उन्हे चढण्यापूर्वी, तिरप्या प्रकाशात, त्यावरचे ठसे वहीत मोजमापासह उतरवावेत. ढोलीखाली सापडणारी, घुबडाने ओकून टाकलेली केसांची गोळी पाण्यात भिजवून सोडवली, तर उंदरांच्या कवट्या मोजता येतात. विष कशाला नको, हे पटवायला शेजाऱ्यापुढे ठेवण्याजोगा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. फेब्रुवारीच्या मध्यास जगभर चार दिवस पक्षिगणना होते, तिच्यात किमान पंधरा मिनिटांची नोंद ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते. मात्र लांडग्याची किंवा खोकडाची गुहा सापडल्यास तिची जागा कोणत्याही गटात टाकू नये.

शेवटचे काम उन्हाळी नांगरटीचे. टिटवी उघड्या ढेकळांत, खड्यांच्या रंगाची, बहुधा चार अंडी घालते, आणि ट्रॅक्टरच्या आसनावरून ती दिसत नाहीत. जिथे नर-मादी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतात, तिथून चार-पाच पावलांवर दोन्ही बाजूंना काठ्या रोवाव्यात. अगदी अंड्यांजवळ खूण केली तर कुत्री आणि कावळे तीच ओळखतात. मधला तुकडा तीन-चार आठवडे राहू द्यावा, आणि ट्रॅक्टरवाल्याला आदल्या संध्याकाळी रानात नेऊन त्या काठ्या दाखवाव्यात, कारण फोनवर सांगितलेले बांधावर पोहोचेपर्यंत विसरले जाते.