डेंजरस गेमची मोठी रायफल झटपट आणि नेमकी कशी चालवायची

डेंजरस गेम म्हणजे माणसावर उलटून जीव घेऊ शकणारी मोठी जनावरं. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, हे भारतातल्या शिकारीबद्दल नाहीये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. हे आहे झिम्बाब्वे, टांझानिया, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका अशा देशांबद्दल, जिथे परमिट काढून आणि प्रोफेशनल हंटर (पीएच, म्हणजे परवाना असलेला व्यावसायिक शिकारी) सोबत ठेवून केप बफेलोची, म्हणजे आफ्रिकेतल्या रानरेड्याची शिकार कायदेशीर आहे. शिवाय दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना पायी फिरवणारे जे गाईड असतात त्यांच्या खांद्यालाही हीच मोठी रायफल असते, आणि ती कधी चालवायची वेळच येऊ नये असं वाटणारी ही माणसं तरीही नियमित सराव करतात. म्हणजे आफ्रिकेत राहून गाईडचं ट्रेनिंग घेणाऱ्यालाही हे सगळं लागू आहे.

हे शिकायचं कशासाठी ते नीट समजून घ्या. पिसाळलेला रेडा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. तो ३० मीटरवरच्या झुडपातून निघाला तर तुमच्याकडे साधारण दोन सेकंद आहेत. त्यात पहिली गोळी बसायला हवी आणि ती पुरली नाही तर दुसरी तयार हवी. हे जमलं नाही तर मरतो बऱ्याचदा तुमचा ट्रॅकर (माग काढणारा) किंवा पीएच, कारण पुढे तेच असतात. आणि जनावर नुसतं जखमी होऊन निघून गेलं तर दिवसभर तडफडतं, ते वेगळंच. म्हणून मला वाटतं की या रायफलीचा सराव न करता आफ्रिकेचं तिकीट काढणं हे सरळसरळ चुकीचं आहे.

आता रायफल कुठली. बहुतेक देशांत मोठ्या जनावरांसाठी .३७५ हे किमान कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) धरलं जातं आणि माझ्या मते पहिली रायफल म्हणून तीच घ्यावी, .३७५ एच अँड एच मॅग्नम. हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलेलं हे काडतूस ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास फेकतं. त्याच्या वर .४१६ रिग्बी आहे, १९११ चं, ४०० ग्रेनवालं, आणि मग .४५८ विंचेस्टर, .४५८ लॉट, .४७० नायट्रो एक्सप्रेस असे ५०० ग्रेनचे दणके. लोकांना मोठा आकडा आवडतो. पण .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाचा रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना रायफल मागे मारते तो दणका, साधारण २० फूट-पाउंड (जोराचं माप) धरला तर .३७५ चा त्याच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि .४५८ लॉटचा तिप्पटीच्याही पुढे जातो, आणि ज्याला त्या दणक्याची भीती बसली त्याची गोळी बसत नाही, ती कितीही जाड असो. डब्ल्यू. डी. एम. बेल या जुन्या हत्तीशिकाऱ्याने हजाराहून जास्त हत्ती मारले आणि त्यातले कितीतरी ७x५७ सारख्या छोट्या काडतुसाने. हेच काडतूस ब्रिटिश लोक .२७५ रिग्बी म्हणत, आणि जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर १९०७ मध्ये भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची. याचा अर्थ तुम्ही .२७५ घेऊन रेड्यामागे जा असा नाही, बहुतेक ठिकाणी कायदाही तसं करू देत नाही आणि बेलला हत्तीच्या कवटीतला मेंदू बाहेरून कुठे असतो ते पाठ होतं. अर्थ एवढाच की गोळी कुठे बसते हे आधी, जाडी नंतर.

रायफल अंगाला बसली पाहिजे. दस्ता लांब असला तर खांद्याला आणताना जॅकेटच्या बाहीत अडकतो, आखूड असला तर रिकॉइलला अंगठा नाकावर येतो. मागे चांगलं जाड रिकॉइल पॅड लावा. वजन कमी करायच्या भानगडीत पडू नका, .३७५ साठी चार सव्वाचार किलो आणि .४५८ साठी त्याहून जास्त वजन बरंच, कारण हलकी रायफल फक्त खांद्यावर बाळगताना बरी वाटते. मझल ब्रेकने, म्हणजे नळीच्या तोंडावर लावलेल्या छिद्रांच्या तुकड्याने, दणका कमी होतो हे खरं, पण आवाज बाजूला आणि मागे इतका भयंकर फुटतो की शेजारी उभ्या ट्रॅकरचे कान जातात, त्यामुळे बरेच पीएच तो काढायलाच लावतात.

साईट्सबद्दल, म्हणजे नेम धरायच्या साधनांबद्दल, फार घोळ घालायची गरज नाही. रेडा शक्यतो १०० मीटरच्या आत, बऱ्याचदा ४० ते ७० मध्ये मारला जातो. १ ते ४ किंवा १ ते ६ पॉवरचा स्कोप, आय रिलीफ (डोळा आणि स्कोपमधलं अंतर) भरपूर असलेला, आणि झटकन निघणाऱ्या माउंटवर. दाट झाडीत शिरताना पॉवर एकदम खाली, १ वर. स्कोप खाली काढला तर खालचे उघडे साईट्स, म्हणजे उथळ रुंद व्ही आणि पुढे मोठा पांढरा मणी, झिरो केलेले, म्हणजे गोळी नेम धरला तिथेच बसेल असे जुळवलेले असले पाहिजेत. नुसते लावलेले असून उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट, उभं कसं राहायचं आणि रायफल धरायची कशी. टार्गेट शूटिंगवाले अंग पूर्ण आडवं करून, कोपर बरगडीला टेकवून, जवळजवळ मागे झुकून उभे राहतात. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं तेव्हा आपण सगळ्यांनी ती स्टँडिंग पोझिशन टीव्हीवर बघितली, आणि छोट्या .२२ रायफलीसाठी ती अगदी बरोबर आहे, पण .३७५ घेऊन तसं उभं राहिलात तर दुसऱ्या गोळीच्या वेळी तुम्ही एक पाऊल मागे आणि नळी आकाशाकडे असेल. इथे छाती जवळपास समोर, डावा पाय पुढे, गुडघा किंचित वाकलेला, वजन पुढच्या पायावर. उजवं कोपर वर उचला, म्हणजे खांद्यात दस्त्यासाठी खळगी तयार होते. डाव्या हाताने पुढचा भाग नुसता आधाराला धरायचा नाही, घट्ट पकडून स्वतःकडे ओढायचा. गाल दस्त्याला चिकटलेला, दोन्ही डोळे उघडे. (डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) दणका बसला की त्याच्याशी भांडू नका, कमरेपासून वरचं अंग मागे जाऊ द्या आणि परत येऊ द्या, पाय मात्र जागेवर.

रायफल खांद्याला आणणं हाच सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारा भाग आहे आणि याचा सराव फुकट होतो, घरी. रायफल रिकामी आहे हे चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) दोन्हीत बोट घालून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, समोरची भिंत जाड असू द्या. मग भिंतीवरच्या एका छोट्या खुणेकडे बघा, नजर तिथेच ठेवून रायफल वर आणा, दस्ता गालाला लागताना सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) निघाली पाहिजे आणि साईट खुणेवर आलेली असली पाहिजे. डोकं खाली घालून रायफलीकडे जायचं नाही, रायफल तोंडाकडे आली पाहिजे. सुरुवातीला अगदी सावकाश करा, सावकाश करताना जे वाकडं होतं तेच घाईत दहापट वाकडं होतं. रोज पाच दहा मिनिटं, महिनाभर. डोळे मिटून रायफल वर आणा आणि मग डोळे उघडा, साईट खुणेवर नसेल तर पायांची जागा बदला, हात वळवून ओढू नका.

ट्रिगर, म्हणजे चाप, साधारण तीन चार पाउंड दाबाचा, आधी न सरकता एकदम सुटणारा. हातातली रायफल कधीच पूर्ण स्थिर होत नाही, मणी जनावराच्या खांद्यावर हलत राहणारच. तो एका क्षणासाठी थांबेल आणि मी तेव्हा झटका देईन असा विचार केला की गोळी खाली जाते, नक्की जाते. मणी योग्य भागात असेपर्यंत दाब वाढवत राहायचा.

आणि आता बोल्ट, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर काढून नवं चेंबरमध्ये ढकलणारा, हाताने मागेपुढे सरकवायचा दांडा, कारण दुसरी गोळी म्हणजे बोल्टच. .३७५ एच अँड एचचं काडतूस ९ सेंटीमीटरपेक्षा लांब असतं आणि .३०८ किंवा .३०-०६ ची सवय झालेला हात बोल्ट तेवढाच मागे ओढतो, मग रिकामं केस पूर्ण बाहेर पडत नाही किंवा पुढचं काडतूस उचललंच जात नाही आणि तुम्ही रिकाम्या चेंबरचा चाप ओढता. म्हणून बोल्ट हळुवार चालवायचा नाही. वर, मागे धाडकन शेवटपर्यंत, पुढे धाडकन, खाली. दस्ता खांद्यावरून हलवायचा नाही, बोल्टकडे बघायचं नाही, नजर जनावरावर. नळी दणक्याने वर जाते ना, ती खाली येईपर्यंत बोल्ट चालून झालेला असला पाहिजे, म्हणजे तो वेळ जो असाही वाया जाणार होता तोच वापरला. डमी (दारू नसलेली, न उडणारी) काडतुसं भरून हे शेकडो वेळा करा, कारण रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट सरकवणं आणि भरलेल्यावर सरकवणं यात खूप फरक आहे.

इथेच माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलीच्या पद्धतीच्या कंट्रोल्ड फीडचं महत्त्व कळतं. मोठा क्लॉ एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बोल्टवरचा आकडा, काडतुसाला मॅगझिनमधून निघाल्या निघाल्या पकडतो, त्यामुळे घाबरून बोल्ट अर्ध्यात मागे ओढलात तरी ते काडतूस त्याच्याबरोबर परत येतं. पुश फीडमध्ये, जिथे बोल्ट काडतूस नुसतं पुढे ढकलतो, ते चेंबरमध्येच राहू शकतं आणि मागून दुसरं त्याच्यावर आदळतं, मग गच्च जॅम. पण जुन्या माउझर ॲक्शनमध्ये काडतूस सरळ चेंबरमध्ये टाकून बोल्ट दाबू नका, एक्स्ट्रॅक्टर तुटायची भीती असते, मॅगझिनमध्ये दाबूनच भरा.

डबल, म्हणजे दोन नळ्यांच्या रायफलबद्दल थोडक्यात. पहिल्या दोन गोळ्यांना तिच्याइतकं जलद काही नाही, बोट पुढच्या ट्रिगरवरून मागच्यावर नेलं की झालं, पण त्यानंतर उघडून भरणं आलं. दोन काडतुसं डाव्या हाताच्या बोटांत धरून भरायचा सराव करावा लागतो. शिवाय दोन्ही नळ्या एका ठराविक लोडला (गोळी आणि दारूच्या प्रमाणाला) रेग्युलेट केलेल्या, म्हणजे एकाच जागी मारतील अशा जुळवलेल्या असतात, दुसरंच काडतूस घातलं तर गोळ्या वेगवेगळ्या जागी जातात. किमतीही तशाच. पहिल्यांदा जाणाऱ्याने बोल्टवाली रायफलच घ्यावी.

फ्लिंच, म्हणजे चाप ओढायच्या आधीच अंग आकसणं, याच्यावर उपाय आहे आणि तो लहान कॅलिबरमधून जातो. जास्तीत जास्त गोळ्या .२२ ने मारा, उभं राहून. बालेवाडीसारख्या रेंजवर .२२ वर हात बसवलेल्या माणसाचं निम्मं काम झालेलं असतं. मोठ्या रायफलीच्या एका वेळी दहाच्या वर गोळ्या मारू नका, थकलेला खांदा फक्त वाईट सवयी शिकतो. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही, कारण निम्मी भीती आवाजाची असते. बेंचवर बसून मोठी रायफल मारत बसू नका, बसलेलं अंग मागे जाऊ शकत नाही आणि सगळा दणका खांद्याच्या हाडात जातो, झिरोसाठी दोन तीन गोळ्या उंच बेंचवर रायफल टेकवून, जमिनीवर उभं राहूनच मारा आणि थांबा. मित्राला मॅगझिनमध्ये अधूनमधून डमी काडतूस घालायला सांगा, तुम्हाला न दाखवता. डमीवर चाप ओढला आणि नळी खाली डुचकली की तुमचं दुखणं तुम्हालाच दिसतं.

सराव असा करा. सगळ्यात आधी शूटिंग स्टिक्स, तीन पायांची, कारण आफ्रिकेत पहिली गोळी जवळजवळ नेहमी स्टिक्सवरून जाते. ७० मीटरवर १५ सेंटीमीटरची कागदी प्लेट, स्टिक्सवरून एक गोळी, लगेच बोल्ट, आणि दुसरी स्टिक्स सोडून हातातून. मग २५ मीटरवर हातातून दोन. घड्याळ सुरुवातीला लावूच नका, दोन्ही प्लेटमध्ये बसायला लागल्या की मग लावा, आणि एक जरी बाहेर गेली तर परत सावकाश. मला २५ मीटरवर चार सेकंदांत दोन्ही प्लेटमध्ये हे नवख्यासाठी चांगलं ध्येय वाटतं. प्रत्येक सेटनंतर प्लेटकडे बघत बघत मॅगझिन भरायची सवय लावा, न सांगता, हात आपोआप खिशाकडे गेला पाहिजे.

प्रत्यक्ष रेड्यावर, आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर या आणि अंगाच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबा. रेड्याचं हृदय बरंच खाली आणि पुढे असतं, खांद्याच्या मागे मारायची सवय असेल तर ती सोडा. पहिली गोळी चांगली बाँडेड सॉफ्ट (आत जाऊन फुलणारी पण न फुटणारी), त्यानंतर बरेच जण सॉलिड (अजिबात न फुलणारी) ठेवतात कारण पळणाऱ्या जनावराच्या मागून पूर्ण आत शिरायला हवं. मागे कळपातलं दुसरं जनावर नाही ना ते बघा, गोळी आरपार जाते. पहिली सुटली की कौतुक करत उभं राहू नका, तो पायांवर उभा आहे आणि तुम्हाला मोकळा दिसतोय तोपर्यंत मारत राहा, पीएच थांब म्हणेपर्यंत.

चालताना चेंबर भरायची की नाही हे पीएच ठरवतो, तुम्ही नाही. ओळीने चालताना नळी कुणाच्या पाठीकडे नको, सेफ्टीवर विसंबून तर अजिबात नको. पडलेल्या रेड्याजवळ मागच्या बाजूने जा, रायफल भरलेली, आणि मेलाय असं वाटत असलं तरी जवळून एक गोळी घाला, मग लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघा, पापणी हलली तर तो जिवंत आहे. फोटोच्या आधी बोल्ट उघडा, मॅगझिन आणि चेंबर रिकामी करा, आणि सोबतच्या माणसाला ती बघायला लावा.