ताजमहाल पॅलेसमध्ये मुक्काम : आरक्षणापासून निरोपापर्यंत

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल पॅलेस हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. समोरचे गेटवे ऑफ इंडिया बांधून पूर्ण झाले ते १९२४ साली, म्हणजे त्यानंतर तब्बल दोन दशकांनी. एवढ्या जुन्या वास्तूत एका रात्रीचा खर्च करायचे ठरले असेल, तर ती रात्र मुंबईदर्शनाच्या धावपळीत नुसती झोपण्यापुरती वापरू नये. पूर्ण एक दिवस त्या वास्तूलाच द्यावा.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय खोली कोणत्या भागात घ्यावी हा आहे. घुमटाची जुनी इमारत म्हणजे पॅलेस विंग आणि तिच्या शेजारी १९७३ मध्ये उभा राहिलेला टॉवर, असे या हॉटेलचे दोन भाग आहेत. टॉवरमधील खोल्यांचे दर साधारणपणे कमी असतात आणि वरच्या मजल्यांवरून बंदराचा विस्तारही चांगला दिसतो. तरीही माझे स्पष्ट मत असे की, ज्या जुन्या इमारतीच्या ओढीने आपण येथे येतो, तिच्यातच राहावे, आणि पैसे कमी पडत असतील तर समुद्राचा आग्रह सोडून पॅलेस विंगमध्येच शहराकडील बाजूची खोली घ्यावी. समुद्राकडील खोली मिळाली, तर मात्र पहाटे उठावे. समुद्र म्हटला की मुंबईकराला सूर्यास्त आठवतो, पण हे बंदर शहराच्या पूर्वेला असल्यामुळे येथे पाण्यावर सूर्योदय दिसतो.

डिसेंबर-जानेवारीत आणि लग्नसराईत दर चढे असतात, तर पावसाळ्यात ते बरेच उतरतात. खोलीचे भाडे साडेसात हजार रुपयांहून अधिक असल्याने त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा दर पाहताना कर आणि न्याहारी त्यात धरली आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र सोबत असावे. प्रवेशद्वारावर सामानाची तपासणी होते. तिला सहकार्य करावे. खोली दुपारी दोनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागते, म्हणून दोनच्या सुमारास पोहोचणेच फायद्याचे ठरते.

खोलीत सामान टाकल्यावर आधी इमारत पाहावी. निवासी पाहुण्यांना हॉटेलचा इतिहास सांगत फिरवून आणणारी फेरी असते. तिची वेळ स्वागतकक्षात विचारावी. जमशेटजी टाटांच्या या वास्तूचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. मधल्या घुमटाखालचा भव्य जिना शांतपणे, पायी चढावा. लिफ्टने गेल्यास इमारतीचा गाभाच पाहायचा राहून जातो. हॉटेल चुकून उलट्या दिशेने बांधले गेले आणि त्या दुःखात वास्तुशिल्पीने जीव दिला, अशी एक दंतकथा मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खरी नाही. मूळ प्रवेशद्वार मुद्दामच शहराच्या बाजूला ठेवलेले होते, आणि आज तेथे पोहण्याचा तलाव आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात येथे ३१ जणांचे प्राण गेले. त्यांची नावे कोरलेले स्मारक हॉटेलातच आहे. तेथे जरूर थांबावे, मात्र स्मारकाकडे पाठ करून स्वतःची छायाचित्रे काढू नयेत. कर्मचाऱ्यांनी त्या रात्री पाहुण्यांना वाचवण्यासाठी जे केले, ते लक्षात ठेवून त्यांच्याशी बोलावे. जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा सुरू झाली.

दुपारच्या चहासाठी पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये खिडकीजवळचे टेबल खोली घेतानाच सांगून ठेवावे. येथे चहाबरोबर भेळ आणि शेवपुरीही मिळते, आणि ती आवर्जून खावी. १९३३ पासून चालू असलेला हार्बर बार संध्याकाळसाठी योग्य आहे.

बिल आदल्या रात्रीच मागवून तपासावे, म्हणजे सकाळी घाई होत नाही. खोली सोडल्यावर सामान हॉटेलातच ठेवून गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडता येते. मात्र सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे तो बेत असेल तर रविवारची रात्र घेऊ नये.